झीज कुठे आहे ते आधी पाहा: जुन्या साड्या, चादरी, डबे आणि वह्या पुन्हा कामाला लावताना

बोहारीण दारात बसून कपडे बघते तेव्हा ती रंग किंवा नक्षी बघत नाही. पँट हातात आली की गुडघे आणि बैठकीची जागा उजेडात धरते. साडी आली की निऱ्यांची बाजू आणि खालचा काठ बोटांनी चाचपते. कापड कुठे विरतं हे तिला पाठ असतं, आणि त्यावरच एका पातेल्याला किती कपडे हे ठरतं. जुन्या वस्तूचं काही करायचं असेल तर सुरुवात इथूनच करावी. ‘याचं काय बनवता येईल’ हा प्रश्न नंतरचा. आधी बघायचं ते काय झिजलंय आणि काय अजून धड आहे.

चादर मधोमध झिजते, कडा कोऱ्यासारख्या राहतात. टॉवेलचंही तसंच. साडी निऱ्यांपाशी आणि टाचेशी घासणाऱ्या काठाला जाते, पण पदर आणि वरचा काठ बहुधा शाबूत असतात. जीन्स गुडघ्यांवर आणि मांड्यांच्या आत विरते, मात्र पोटरीचा भाग आणि कमरेचा पट्टा माणसापेक्षा जास्त टिकेल असा असतो. पत्र्याचा डबा तळाशी गंजतो. वही तर झिजतच नाही, वर्ष संपलं म्हणून टाकली जाते.

दुसरी कसोटी माझी स्वतःची, आणि जरा कडक आहे. जे बनवाल त्यामुळे घरात एखादी वस्तू विकत आणणं टळलं पाहिजे. काचेच्या बाटलीला सुतळी गुंडाळून, वर मणी चिकटवून केलेली फुलदाणी ही कसोटी उतरत नाही. बाटली होती ती होती, वर दीडशे रुपयांचा डिंक, सुतळी आणि मणी गेले, आणि पुसायला एक वस्तू वाढली. खाली दिलेली कामं साधी आहेत, पण त्यातून निघणारं सगळं रोज वापरात राहतं.

सामान फार लागत नाही. दोन कात्र्या (कापडाच्या कात्रीने कागद कापला की ती बोथट होते, म्हणून दोन), लांब सुया, एक दाभण, अंगुस्तान, मेणाचा तुकडा, मोजपट्टी, शिंप्याचा खडू, पक्कड, हातोडी, दोन-चार जाड खिळे, पॉलिश पेपर आणि पत्र्याच्या कामासाठी जाड हातमोजे.

चादर: कडा मधे, मध्य कडेला

हे काम आधी करा. शिलाई मशीन असेल तर तासाभरात होतं. चादर खिडकीच्या उजेडात धरा. मधला भाग जाळीदार दिसायला लागला असेल, पण अजून भोकं पडली नसतील, तर हीच वेळ. भोकं पडेपर्यंत थांबलात तर जास्त कापड वाया जातं.

चादर लांबीत बरोबर मधे घडी घाला आणि त्या घडीवर उभी कापा. दोन लांब पट्टे मिळतील. आता बाहेरच्या दोन्ही कडा, म्हणजे कापडाची मूळ किनार, मधे आणा. किनार उसवत नाही, त्यामुळे ती दुमडायची गरज नसते. एक किनार दुसरीवर एक सेंटिमीटर चढवा आणि दोन समांतर शिलाया मारा. अशी सपाट जोड पाठीला टोचत नाही. कडा विकतानाच दुमडून शिवलेल्या असतील तर आधी ती दुमड उसवून घ्या, नाहीतर मधे जाड वळकटी येईल. आता विरलेला भाग दोन्ही बाजूंना कडेला गेला. त्यातला फारच पातळ झालेला आठ-दहा सेंटिमीटरचा पट्टा कापून टाका आणि कडा दुमडून शिवा.

दीड मीटर रुंदीची चादर अशी सव्वा मीटरवर येते. सिंगल पलंगाला पुरते, खाली खोचायला मात्र कमी उरते. चौफेर नक्षीची बॉर्डर असलेल्या चादरीवर हे करू नका, बॉर्डर मधोमध येऊन विचित्र दिसते. तिचे उशीचे अभ्रे करा, तेही कडेच्या कापडातून.

गोधडी, पण आधी दुपटं

कोल्हापूर-सांगलीकडे वाकळ म्हणतात, इतरत्र गोधडी. विरलेल्या कापडाला याहून चांगली जागा नाही, कारण यात एका थरावर भार येत नाही. चार-पाच थर एकमेकांना धरून राहतात आणि एक विरला तरी शेजारचे सांभाळून घेतात. म्हणून बोहारणीने नाकारलेली सुती साडीच इथे सर्वांत उपयोगी. तिला जरीची आणि धडकी साडी हवी असते, आपल्याला मऊ पडलेली.

पहिलीच गोधडी पलंगाएवढी काढू नका. हात बसेपर्यंत उत्साह संपतो आणि अर्धवट गाठोडं माळ्यावर जातं. दुपट्यापासून सुरुवात करा. त्याचा हिशेब सोपा आहे: सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि एक मीटर दहा सेंटिमीटर रुंद असते, म्हणजे एका साडीतून रुंदीएवढ्या बाजूचे बरोबर पाच चौकोन निघतात. पाच चौकोन म्हणजे पाच थर. एक साडी, एक दुपटं.

कापड सुती आहे ना याची खात्री करा. कडेचे चार धागे उपसून चिमट्यात धरा आणि मोरीत किंवा सिंकवर पेटवा. सूत कागदासारखं जळतं, वासही कागदाचाच येतो आणि राख बोटात चुरडते. पॉलिस्टर असेल तर धागा आक्रसून वितळतो, टोकाला कडक मणी होतो आणि धूर काळा येतो. पॉलिस्टर गोधडीत नको. घाम शोषत नाही, थर एकमेकांवरून सरकतात. नवं कोरं सुती कापडही थेट मधे घालू नका. जुनी साडी धुऊन धुऊन आटायची तेवढी आटलेली असते, नवं कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि सगळी गोधडी चुरगळते. काठासाठी नवं लागलंच तर रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मग वापरा.

रंग जातो का ते बघण्यासाठी साडीचा कोपरा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या कापडावर दाबा. डाग उठला तर ती साडी आतल्या थरातही नको, घाम आणि पाणी लागलं की रंग वर येतोच. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात. एकदा रंगवून आलेल्या कापडावर त्याचा भरवसा धरू नये.

साडी धुवा, पण स्टार्च करू नका. खळीमुळे सुई अडते आणि कसरीला खायला मिळतं. फॉल उसवून काढा. इस्त्री करा. मग पाच चौकोन कापा. पदराचा चौकोन वर येईल, सर्वांत धड दुसरा चौकोन तळाला, उरलेले तीन मधे. मधल्यांत एखादं भोक असलं तरी चालतं, त्यावर कापडाचा तुकडा नुसता ठेवा, शिवायचीही गरज नाही. तळाचा चौकोन पूर्ण ठेवा आणि बाकीचे चार थर चारही बाजूंनी चार-चार सेंटिमीटर कापा. तळाचं जे कापड बाहेर उरेल त्याचाच काठ होणार आहे.

फरशी पुसून कोरडी करा. तळाचा चौकोन उलटी बाजू वर करून अंथरा, चारही कोपऱ्यांवर पाट, वरवंटा, जे जड सापडेल ते ठेवा. त्यावर मधले थर एकेक करून, प्रत्येक वेळी तळहाताने मधून बाहेरच्या दिशेला हवा काढत. शेवटी पदर, सुलटी बाजू वर. आता लांब लांब कच्चे टाके घाला: आधी मधून उभा आणि आडवा, मग वीतभर अंतरावर सगळीकडे. हे टाके शेवटी काढून टाकायचे असतात, म्हणून वेगळ्या रंगाचा दोरा घ्या. गोधडी वेडीवाकडी होते ती बहुतेक या पायरीवर घाई केल्यामुळे. सेफ्टी पिना चालतात, पण पावसाळी हवेत गंजून डाग पाडतात.

आता काठ. तळाचं बाहेर आलेलं चार सेंटिमीटर कापड अर्ध्यात आत दुमडा, मग तेच वरच्या थरावर चढवा आणि कच्चं टाचून घ्या. कोपऱ्यावर आधी त्रिकोणी घडी घालून मग दोन्ही बाजू दुमडल्या की कोपरा गोळा होत नाही. कर्नाटकात यल्लापूर, हल्याळच्या परिसरातल्या सिद्दी (मूळ आफ्रिकी वंशाच्या) समाजातल्या बायका त्यांच्या कवंदीच्या, म्हणजे गोधडीच्या, कोपऱ्यांवर कापडाच्या छोट्या त्रिकोणी घड्या शिवतात, त्यांना फुला म्हणतात. फुला नसलेली कवंदी त्यांच्या लेखी उघडीच. आपल्या दुपट्याला त्या लावायला हरकत नाही, फक्त तान्ह्या बाळासाठी असेल तर नको, बाळ ते तोंडात घालतं.

दोरा सुती, मशीनच्या दोऱ्यापेक्षा जाड. गोधडीचा दोरा म्हणून मागितला तर शिंप्यांच्या सामानाच्या दुकानात मिळतो. एका वेळी हाताच्या लांबीएवढाच घ्या. वेळ वाचवायला लांब दोरा ओवला की तो गुंततो आणि दुप्पट वेळ खातो. मेणावरून एकदा ओढून घ्या. गाठ मारून सुई वरच्या थरातून आत घाला, दोन बोटांवर बाहेर काढा आणि हलका हिसडा द्या. गाठ टक् असा आवाज करून आत शिरते, वर दिसत नाही.

टाका म्हणजे साधा धावदोरा. सुई जितकी उभी ठेवाल तितके सगळे थर टाक्यात येतात. खालचा हात गोधडीखाली ठेवून सुईचं टोक बोटाला जाणवलं की लगेच वर वळवायची. तीन-चार टाके सुईवर घेऊन मग दोरा ओढा. टाका तांदळाच्या दाण्याएवढा आला की छान, पण सुरुवातीला त्याच्या दुप्पट येतो आणि त्याने काहीही बिघडत नाही. सगळे सारखे यावेत एवढंच बघा. दोरा ताणून ओढू नका. गोधडीचा मऊपणा टाके सैल असण्यावर आहे, आणि ताणलेल्या दोऱ्याने विरलेलं कापड चिरतं.

सुरुवात काठापासून. पहिला फेरा काठ धरून चारही बाजूंनी, मग दोन बोटं आत दुसरा, असं चौकोनी वळत वळत मध्यापर्यंत. आजकालची पुस्तकं मधून बाहेर शिवायला सांगतात, म्हणजे सुरकुत्या कडेला निघून जातात. कच्चे टाके नीट घातले असतील तर त्याची गरज पडत नाही, आणि काठ आधी पक्का झाला की पुढचे दिवस दुपटं उचलून ठेवलं तरी थर हलत नाहीत. मीटरभर बाजूच्या दुपट्याला असे सोळा-सतरा फेरे होतात, म्हणजे तीस ते पस्तीस मीटर शिवण. रोज तासभर बसलं तर दोन-तीन आठवड्यांचं काम.

मोठी गोधडी, म्हणजे दीड मीटर बाय दोन मीटर वीस, चार साड्यांत होते आणि पाच थर मिळतात. प्रत्येक साडीतून दोन मीटर वीसचे दोन तुकडे कापा. एक पूर्ण रुंदीचा ठेवा, दुसऱ्यातून पंचेचाळीस सेंटिमीटरचा उभा पट्टा काढून पहिल्याला जोडा. असा एका साडीचा एक थर. प्रत्येक साडीतून पासष्ट सेंटिमीटरचा पट्टा उरतो. तीन साड्यांचे असे तीन पट्टे शेजारी शेजारी, कडा एकमेकींवर चढवून मांडले की पाचवा थर झाला. आतल्या थरांचे तुकडे शिवून जोडू नका, नुसते चार बोटं एकावर एक चढवा, शिवण पडली की तिथे दांडी उमटते. आणि एका थराची जोड दुसऱ्याच्या जोडीवर येऊ देऊ नका. प्रत्येक साडीचा मीटरभराचा एक चौकोनही उरतो, चारांचे मिळून पुढच्या दुपट्याचे चार थर तयार.

धुताना मोठी गोधडी मशीनमध्ये घालू नका, ओली झाली की फार जड होते. टबमध्ये भिजवून पायांनी तुडवा, पिळू नका, दोन दोऱ्यांवर पसरून पाणी निथळू द्या. वरचा थर पुढेमागे फाटेलच. तेव्हा ठिगळ लावा, किंवा जुन्या गोधडीलाच मधला थर समजून वरखाली एकेक साडी चढवा आणि पुन्हा शिवा. जुन्या घरांतल्या जड गोधड्या अशाच जाड होत गेलेल्या असतात.

जीन्सच्या पायाची पिशवी

महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली तेव्हापासून घरात कापडी पिशव्या भरपूर झाल्या, पण पाच किलो बटाटे उचलणाऱ्या कमी. जीन्सचा पाय गुडघ्याखाली कापा. पाय मुळात नळकांडंच असतो, बाजूच्या शिवणी कारखान्यातच दुहेरी पडलेल्या असतात. खालची मोहरी ही पिशवीचं तोंड करा, म्हणजे तोंड दुमडायचं काम वाचतं. कापलेली बाजू उलटी करून दोनदा शिवा. बंद कमरेच्या पट्ट्याचा करा, तो आधीच दुहेरी आणि आत कडक कापड घातलेला असतो. शिवताना बंदाच्या टोकावर चौकोन आणि त्यात फुली अशी शिलाई मारा. मशीनला सोळा नंबरची सुई लावा, चौदा नंबरची जाड शिवणीवर मोडते. अंगाला चिकटणाऱ्या जीन्सचा पाय फार अरुंद निघतो, तिच्या नादी लागू नका.

तेलाच्या डब्यात कोथिंबीर

पंधरा किलो तेलाचा पत्र्याचा डबा उभा ठेवून कुंडी करतात. कढीपत्त्याला, मिरचीला ते ठीक आहे. पण पालेभाजीला पस्तीस सेंटिमीटर खोली नको, पसारा हवा. म्हणून डबा आडवा करा आणि वर आलेली एक बाजू कापून काढा. साधारण चोवीस बाय पस्तीसचं पसरट भांडं मिळतं.

आधी डबा आतून गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्याने दोनदा धुवा, तेलकट पत्र्यावर रंग बसत नाही. हातमोजे घाला. कापायच्या बाजूवर कडेपासून दोन सेंटिमीटर आत खडूने चौकोन आखा, कोपऱ्याजवळ खिळ्याने भोक पाडा आणि तिथून पत्रा कापायच्या कात्रीने कापत जा. ही कात्री हार्डवेअरच्या दुकानात मिळते, स्वयंपाकघरातली कात्री वापरू नका. उरलेली दोन सेंटिमीटरची कड पकडीने आत दुमडून हातोडीने चपटी करा. त्यावर पाणी घालायच्या जुन्या नळीचा तुकडा उभा चिरून चढवा. एवढं केलं की हात कापायची भीती जाते.

आता तळाला भोकं, सहा-सात तरी. ही बाहेरून पाडली तर पत्र्याचा ओठ आत वळतो आणि त्याच्या उंचीएवढं पाणी तळाशी साचून राहतं. म्हणून डबा मऊ लाकडाच्या फळीवर ठेवा आणि खिळा आतून ठोका. मग आतबाहेर पॉलिश पेपर घासा, रेड ऑक्साइडचा एक हात आणि तो सुकल्यावर बाहेरून ऑइल पेंटचे दोन हात. डब्याचा तळच आधी जातो हे लक्षात ठेवून तो दोन विटांवर उचलून ठेवा. जमिनीला टेकलेला डबा ओलाव्याने लवकर सडतो.

तळाशी नारळाच्या शेंड्या पसरा, त्यावर निम्मी माती आणि निम्मं शेणखत किंवा घरचं कंपोस्ट. धणे चपलेने किंवा लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करा आणि सेंटिमीटरभर खोल पेरा. दहा दिवसांच्या आसपास उगवतात. पहिल्यांदाच करत असाल तर मेथी पेरा, ती तीन-चार दिवसांत डोकं वर काढते आणि महिन्याभरात काढायला येते. उन्हाळ्यात पत्रा तापून मुळं भाजतात, तेव्हा बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळा. रंगाचे आणि कीटकनाशकांचे डबे मात्र खायच्या कुठल्याही झाडासाठी वापरायचे नाहीत, कितीही धुतले तरी.

टोपलीला कागदाचा लगदा

बुरडाकडून आणलेल्या टोपलीच्या कामट्या तळाशी तुटतात, काठ सुटतो, पण बाकी विणकाम घट्ट असतं. अशा टोपल्या-सुपांना कागदाच्या लगद्याने लिंपून वापरायची जुनी पद्धत आहे, आणि लगद्यात मेथ्या घालायची. मेथीचा बुळबुळीत चिकटपणा लगदा धरून ठेवतो, आणि कडूपणामुळे कीड लागत नाही असं म्हणतात.

अर्धा किलो वर्तमानपत्र फाडून (कापून नाही, फाडलेल्या कडेचे तंतू लवकर सुटतात) दोन दिवस पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला. गुळगुळीत रंगीत मासिकांचा कागद घेऊ नका, त्यावर पांढऱ्या मातीचा लेप असतो, लगदा नीट होत नाही. अंड्यांचे कागदी ट्रे मिळाले तर उत्तमच, ते लगद्याचेच केलेले असतात आणि तासाभरात विरघळतात. मूठभर मेथ्या वेगळ्या भिजवा आणि वाटा. कागद पिळून खलबत्त्यात कुटा. मिक्सर वापरायचा तर भरपूर पाणी घालून, थोडा थोडा कागद फिरवा, नाहीतर मोटर तापते. कागद, मेथी आणि मूठभर शाडू किंवा मुलतानी माती कणकेसारखी मळा.

टोपली पाण्याने ओली करून घ्या, कोरडा बांबू लगद्यातलं पाणी ओढून घेतो आणि लेप सुटतो. आधी आतून लगदा कामट्यांच्या फटींत दाबून भरा, मग बाहेरून. थर अर्ध्या सेंटिमीटरहून जाड नको. ओल्या फडक्याने दाबून गुळगुळीत करा, पहिला दिवस सावलीत आणि नंतर उन्हात चांगली खडखडीत वाळेपर्यंत. हे काम पावसाळ्यात काढलंत तर लगदा वाळण्याआधी बुरशी येईल. वाळल्यावर गव्हाच्या पिठाची पातळ खळ शिजवून त्यात गेरू कालवा आणि दोन हात द्या.

यात कांदे, लसूण, लोकर, किल्ल्या, काहीही ठेवा. चपात्या, भाकरी, वाळवणं नाही. छपाईची शाई अन्नाला लागू नये म्हणून अन्नपदार्थ वर्तमानपत्रात बांधायलाही २०१८च्या पॅकेजिंग नियमांनी बंदी आहे, आणि आपण तर तोच कागद कुटून टोपलीत भरला आहे.

जूनमधली वही

शाळेचं वर्ष संपलं की बऱ्याच वह्यांत कोरी पानं उरतात. ती फाडू नका. मधल्या पिना पक्कडीने सरळ करून काढा, म्हणजे वही निम्म्याहून जास्त कोरी असेल तर मधली जोडपानं अखंड मिळतात. शेवटच्या कोऱ्या पानांची जोडी सुरुवातीच्या लिहिलेल्या पानांशी असते, तेवढीच फाडावी लागतात.

अशी आठ ते दहा जोडपानं एकात एक घाला. त्याहून जास्त घेतली तर आतली पानं कडेने बाहेर डोकावतात. बाहेरून लग्नपत्रिकेचा जाड कागद लावा, दर घरात त्याचा साठा असतोच. वही उघडी ठेवून मधल्या घडीवर तीन खुणा करा: एक मध्यावर, दोन वरखालच्या टोकांपासून तीन-तीन सेंटिमीटर आत. खाली जुनं वर्तमानपत्र जाडसर घडी करून ठेवा आणि दाभणाने आतून बाहेर भोकं पाडा.

मेण लावलेला जाड सुती दोरा घ्या. आतून मधल्या भोकातून बाहेर या, टोक चार बोटं आत सोडून. बाहेरून वरच्या भोकात शिरा. आतल्या बाजूने मधलं भोक ओलांडून थेट खालच्या भोकातून बाहेर पडा. बाहेरून पुन्हा मधल्या भोकातून आत या. दोरा ताणा, पण घडीच्या दिशेने ताणा, आडवा ओढलात तर कागद चिरतो. आता दोन्ही टोकं आत आहेत. मधल्या लांब दोऱ्याच्या एक इकडे, एक तिकडे येऊ द्या आणि त्यावरच गाठ मारा. वही बंद करून रात्रभर जड पुस्तकांखाली ठेवा आणि सकाळी स्टीलची पट्टी धरून कटरने पुढची कड सरळ करा. एका झटक्यात नाही, हलक्या हाताने सात-आठ वेळा.

जाड वही हवी असेल तर असे तीन-चार गठ्ठे शिवून एकमेकांना बांधायचे. बाइंडर याला जुजबंदी म्हणतात. ते खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात कीड लागू नये म्हणून. घरी घालायचा असेल तर भांडं वेगळं ठेवा, मोरचूद विषारी आहे. सुट्या, एकेरी पानांची वही कडेने भोकं पाडून शिवता येते, पण ती कधी सपाट उघडत नाही. लिहायला त्रास होतो. अशी पानं चिठ्ठ्यांसाठी क्लिपला लावून ठेवावीत, तेवढंच.

भंगारवाल्याला काय द्यायचं

कोटिंग उडालेले नॉनस्टिक तवे, तडा गेलेली मेलामाइनची ताटं, उन्हात ठिसूळ झालेल्या प्लास्टिकच्या बादल्या यांच्यात धड भाग उरलेला नसतो. बादलीत माती भरली तर दोन महिन्यांत ती उचलताना कडी हातात येते. फुटक्या कपबशीचे तुकडे कुंडीच्या भोकावर ठेवायला दोन-चार पुरेत. ॲल्युमिनियमची चेपलेली पातेली कपाटात अडवून ठेवू नका: ती वितळवून पुन्हा ॲल्युमिनियमच होतं, भंगारवाला त्याला लोखंडापेक्षा चांगला भाव देतो, आणि रिकाम्या झालेल्या खणात साड्यांचे उरलेले चौकोन मावतात.